दहा-पाचला तुटणारी लाइन

आमच्या घरी इंटरनेट आलं तेव्हा सासूबाईंचं आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. किंवा चिडले असते. त्या दिवसांत मी कशानेही चिडत होते.

आधी बहिणींचं सांगते. दोघी कोरेगाव तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. सासूबाई लग्न होऊन सांगलीला आल्या, मावशींना रहिमतपुरात दिलं. त्यांची आई म्हातारपणी मावशींकडे असायची आणि तिथेच शेवटची आजारी पडली. मावशींना वाटलं, उठेल दोन दिवसांत, उगाच बहिणीला कशाला घाबरवायचं. म्हणून त्यांनी कळवलं नाही. तार आली ती आई गेल्यावर. सासूबाई पोचल्या तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती. "मला कळवलं न्हाईस," एवढंच सासूबाई दारात बोलल्या आणि घोटभर पाणीही न पिता पुढच्या गाडीने सांगलीला परतल्या. त्यानंतर आमच्या घरात रहिमतपूरचं नाव निघालं की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा माझ्या नवऱ्याने मला पहिल्या आठवड्यात ज्या सूचना दिल्या, त्यात ही एक होती. दुसरी सूचना चहात आलं न घालण्याची होती.

आता माझं. मी लग्नाआधी कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केला होता. नवरा माधवनगरच्या एका गिरणीच्या ऑफिसात कामाला. त्याच्याच ओळखीने मुंबईच्या एका कापड व्यापाऱ्याने मला चादरी आणि पडद्यांवरची डिझाइन्स काढायला दिली. कागदावर रंगवायची, स्कॅनरवर घ्यायची, कॉम्प्युटरवर साफसूफ करायची आणि ई-मेलने मुंबईला पाठवायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीत कॉम्प्युटर असलेलं आमचं एकच घर, आणि त्यातही इंटरनेट म्हणजे शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. बघून निराश होऊन जायच्या, कारण दिसायला त्यात काहीच नसायचं.

व्यापाऱ्याची अट साधी होती. सकाळी अकराच्या आत डिझाइन त्याच्यापुढे पाहिजे, कारण परदेशी पार्टी त्याच वेळी येऊन बसलेली असते. तीन महिने बघू, जमलं तर कायमचं काम, असं तो म्हणाला होता. माझ्यासाठी ते काम म्हणजे सगळं काही होतं. लग्नानंतर सहा वर्षं माझे ब्रश माळ्यावरच्या पेटीत पडून होते, आणि ते परत माळ्यावर चढवायची माझी अजिबात तयारी नव्हती.

सकाळी साडेनऊला नवरा कामावर गेला की मी बैठकीच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायची. मोडेम फोनच्या लाइनवर नंबर फिरवायचा, मग ते किंचाळणं, घशात अडकल्यासारखा घरघराट, आणि एकदाचं कनेक्शन लागायचं. एक डिझाइन मुंबईला जायला तास-सव्वा तास लागायचा. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीच्या वेगाने पुढे सरकत राहायची. आणि ती पट्टी अर्ध्याच्या आसपास आली की कनेक्शन तुटायचं. मधे तुटलं की झालेलं सगळं वाया, पहिल्यापासून सुरुवात. तोवर अकरा वाजून जायचे.

"गेलं!" मी ओरडायची.

सासूबाई त्या वेळी तिथेच असायच्या. इंटरनेट आल्यापासून त्यांनी भाजी निवडायची जागा बदलली होती. पूर्वी स्वयंपाकघरात बसायच्या, आता ताट घेऊन बैठकीच्या खोलीत, फोनच्या टेबलाजवळ. मी "गेलं!" म्हणून ओरडले की त्या "बरं" म्हणायच्या, निवडलेली गवार ताटात गोळा करायच्या आणि आत जाऊन कुकर लावायच्या. दुःख नाही, चौकशी नाही. उलट चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सुनेने चार पैसे मिळवू नयेत, कॉम्प्युटरपुढे बसू नये असं यांना वाटतं, असा मी सरळ अर्थ काढला होता. दुपारी नवऱ्याला फोन करून तो ऐकवतही होते.

"आई तशी नाहीये गं," तो म्हणायचा.

"मग माझं गेलं की त्यांना आनंद कसला होतो?"

साहेब बोलावतायत, असं म्हणून तो फोन ठेवायचा.

कनेक्शन का तुटतं याचा शोध मी एकटीनेच सुरू केला. पहिला संशय पाण्याच्या मोटरवर. ती शेजारचे लोक दहाच्या सुमारास लावायचे. शेजारच्या काकूंना हातापाया पडून आठवडाभर ती अकरानंतर लावायला सांगितली. त्यांनी लावली. कनेक्शन तुटायचं ते तुटलंच, वर काकूंच्या टाकीत पाणी कमी पडलं म्हणून त्या माझ्याशी फुरंगटून बसल्या. मग फोनची वायर बदलली. मग मोडेम खाली फरशीवर ठेवून बघितला, वर फळीवर ठेवून बघितला. एकदा त्याच्यावर हळदकुंकूही वाहिलं, हे मी नवऱ्याला कधी सांगितलेलं नाही.

महिना झाला. व्यापाऱ्याचा फोन आला. "मॅडम, काम तुमचं चांगलं आहे," तो म्हणाला, "पण ते येतच नाही. तीन आठवड्यांत काहीतरी करा, नाहीतर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

त्या दिवशी मी रडले. मोठ्याने नाही, मोरीत नळ सोडून. बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी काही न विचारता माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्याले आणि मनातल्या मनात त्यांच्यावरचा राग तसाच ठेवला.

कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर सीडी मिळायची. तिच्यात कसले कसले छोटे प्रोग्रॅम असायचे. त्यातच मला तो सापडला. कनेक्शनवर पहारा देणारा प्रोग्रॅम. त्याचं काम एवढंच की कनेक्शन चालू असताना कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत एक हिरवी रेघ पुढे सरकत राहायची, आणि तुटलं की ती लाल होऊन थांबायची. शिवाय किती वाजता लागलं, किती वाजता तुटलं, हे तो एका यादीत लिहून ठेवायचा. तो दुरुस्त काहीच करायचा नाही. नुसता बघत बसायचा आणि लिहायचा. मला तेवढंही पुष्कळ होतं. आत्तापर्यंत माझ्याकडे नुसता राग होता, आता राग आणि वेळा दोन्ही झालं.

दोन आठवड्यांची यादी मी छापून काढली आणि पेन घेऊन बसले. सोमवारी दहा वाजून पाच. मंगळवारी दहा-चार. बुधवारी दहा-पाच. शुक्रवारी दहा-सहा. शनिवारी पुन्हा दहा-पाच. मधे कधीतरी एखादं किरकोळ तुटणं, पण दहा-पाच ठरलेलं. फक्त गुरुवारी नाही. गुरुवारी दहा-चाळीस. पुढच्या गुरुवारीही दहा-चाळीस.

मी थक्क झाले. बिघाडाला वार कळतो?

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसायला हवी होती. रविवारी मी कॉम्प्युटर लावत नसे, आणि रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमचा फोन वाजायचा. दोन रिंगा, की बंद. फार वर्षांपासून तसा वाजायचा. लग्न होऊन आले तेव्हा एकदा मी उचलायला धावले, तर सासूबाईंनी हात आडवा केला होता. "ऱ्हाऊ दे. राँग नंबर आसतोय." घरात सगळ्यांना त्याची इतकी सवय झालेली की ते वाजणं कोणाच्या कानावरही येत नव्हतं. माझ्याही नाही.

मी तक्रार नोंदवली, तेव्हा सोमवारी संध्याकाळी टेलिफोन खात्याचा लाइनमन आला. पन्नाशीचा, पायजमा-शर्ट, कानामागे टेस्टर. मी त्याच्यापुढे यादी ठेवली तेव्हा तो चष्मा चढवून ती देवळातली पोथी वाचावी तशी बोट फिरवत वाचत गेला.

"ही कुणी लिवलं?"

"कॉम्प्युटरने."

"बेस हाय की." त्याचं बोट गुरुवारवर थांबलं. "आवं ताई, आमच्या एक्स्चेंजला गुरुवार कुठला कळायला? ह्यो बिघाड न्हवं. ही माणूस हाय."

"माणूस?"

"तुमच्या फोनला कॉल वेटिंग हाय का?"

होतं. इंटरनेट घेतलं तेव्हाच नवऱ्याने हौसेने ती सोय लावून घेतली होती. मी लाइन अडवून बसले तरी गिरणीचा फोन आलेला कळावा म्हणून. लाइनमनने मला समजावलं. आपण फोनवर असताना दुसऱ्या कोणी फोन केला की लाइनवर बारीकशी टूं वाजते. माणूस ती ऐकून म्हणतो, थांबा जरा. मोडेमला ती सहन होत नाही, तो हात सोडून मोकळा होतो.

"कोणतरी रोज त्याच टायमाला तुमाला फोन लावतंय बघा," तो म्हणाला. "आनि लगेच ठेवतंय. न्हाईतर मोडेम सुटला की फोन चांगला वाजला आसता."

तसा तो थोडा वाजायचाही. तुटल्यावर कधीकधी टेबलावरचा फोन अर्धवट टर्र करून गप्प व्हायचा. मला वाटायचं, तोही बिघाडाचाच भाग.

"मग काय करायचं?"

"बंद करा की ते कॉल वेटिंग. तुमी लाइनवर आसला की त्यास्नी एंगेज लागंल. संपलं."

त्याने आकडे सांगितले, मी ते फिरवले, फोनमधून एक बाई कॉल वेटिंग बंद झाल्याचं सांगून गेली. लाइनमन जिना उतरता उतरता वळला. "पन कोन हाय ती बघा हां एकदा. रोजचं हाय म्हंजे कायतरी काम आसंल."

"ज्याला गरज असेल तो परत करेल," मी म्हटलं. ते माझं वाक्य मला आजही टोचतं.

सासूबाई तेव्हा देवळात गेल्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांना सांगावं असं मला वाटलंही नाही.

मंगळवारी हिरवी रेघ दहा-पाचला पोचली, दहा-सहा झाली, पुढे गेली. निळी पट्टी भरली. डिझाइन मुंबईला गेलं. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. सासूबाई ताट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सगळी गवार निवडून झाली होती, तरी त्या शेंगा खालीवर करत होत्या.

"आज गेलं न्हाई व्हय गं?"

"नाही आई! गेलं नाही! दुरुस्त केलं मी."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मी आनंदाने शिरा केला. त्यांनी दोन घास खाऊन बशी बाजूला सारली. मला वाटलं, बघा, सुनेचं चांगलं झालं तर शिराही गोड लागत नाही.

बुधवारी त्यांनी फोन ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या फडक्याने, रिसीव्हर उचलून नीट बसलाय का बघू लागल्या. "आई, हात नका लावू, चालू आहे ना!" मी खेकसले. गुरुवारी त्या दहा-चाळीसपर्यंत बसल्या, मग अकरापर्यंत. मुंबईचा फोन आला, काम पसंत पडलं होतं, महिन्याला आठ डिझाइन्स पक्की. मी रिसीव्हर ठेवून वळले तर सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. मी बातमी सांगितली. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. तेव्हा मला त्यांचा चेहरा नीट दिसला आणि पहिल्यांदाच वाटलं, हे सुनेबद्दलचं काही नाही. यांना बरं नाहीये.

"काय होतंय तुम्हाला?"

"कुठं काय."

शुक्रवारी नवरा डबा घेऊन निघत होता, तेव्हा त्यांनी त्याला दारात अडवलं. "आज रजा टाक," त्या म्हणाल्या. "रहिमतपूरला जाऊन ये."

तो डबा हातात धरून तसाच उभा राहिला. माझ्या हातात लाटणं होतं. नऊ वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं होतं.

मग त्या बोलल्या. खाली बसून, पदराच्या टोकाशी चाळा करत, आमच्याकडे न बघता. मावशींचा मुलगा सैन्यात, त्याने सात वर्षांपूर्वी आईला घरात फोन घेऊन दिला. पहिल्या दिवशी मावशींनी इथे फोन लावला. सासूबाईंनी उचलला, आवाज ओळखला आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दोन रिंगा आल्या आणि थांबल्या. तिसऱ्या दिवशीही. तेव्हापासून रोज.

"रोज वाजवती," सासूबाई म्हणाल्या. "गुरुवारी दत्ताच्या देवळातनं यायला उशीर होतोय तिला. दोनदा वाजलं की समजायचं, बरी हाय."

"आणि तुम्ही?"

"मी उचलत न्हाई."

"मग त्यांना कसं कळणार तुम्ही बऱ्या आहात ते?"

"उचलत न्हाई म्हनूनच. मी घरात नसते तर तुमच्यापैकी कोनीतरी उचललाच आसता की. कोन उचलत न्हाई म्हंजे मी हाय हितं."

मी खाली बसले. पीठ लागलेले हात तसेच मांडीवर. इंटरनेट आल्यावर काय झालं असेल ते मला आता एकेक करून कळत होतं. रिंगा येईनात तेव्हा त्या घाबरल्या असणार. मग त्यांच्या लक्षात आलं असणार की नेमकं त्याच वेळेला सून ओरडते आणि फोन अर्धवट टर्र करतो. म्हणून त्या भाजी घेऊन बाहेर येऊन बसू लागल्या. माझं "गेलं!" हीच त्यांची रिंग होती. ते ऐकून त्या कुकर लावायला उठत होत्या. आणि तीच मी मोठ्या हुशारीने दुरुस्त केली होती.

"आई, मी केलं ते," मी म्हटलं. "मी बंद केलं. मला माहीत नव्हतं." आणि मग मला रडू आलं, या वेळी नळ न सोडता.

"तुला काय ठावं," त्या म्हणाल्या. पण आवाज कोरडा होता. "आईच्या येळंला तिनं कळवलं न्हाई. तवाचं रोज कळवती आता. मी उचलत न्हाई तरी कळवती. आनि आता तीन दिस झालं..."

मी उठून फोन लावला. त्या "लावू नको" म्हणाल्या नाहीत, पण दुसरीकडे बघत राहिल्या. रहिमतपूरला घंटा वाजत होती. वाजत राहिली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सासूबाईंचा हात गळ्यातल्या मण्यांकडे गेला आणि तिथेच राहिला. नवऱ्याने डबा टेबलावर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि एस.टी. स्टँडकडे गेला.

तो दिवस मी कसा काढला ते सांगता येत नाही. दर पंधरा मिनिटांनी मी फोन लावत होते. कॉम्प्युटरकडे बघवत नव्हतं. सासूबाई देवापुढे बसल्या नाहीत, जेवल्या नाहीत, फोनच्या टेबलाजवळच्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या. एकदाच म्हणाल्या, "या वेळंलाबी मी शेवटीच पोचनार." मी परत फोन लावला.

दुपारी दीड-दोनच्या सुमाराला दाराशी रिक्षा थांबली. मी गॅलरीतून बघितलं. नऊवारी नेसलेली, हातात वायरची पिशवी, सासूबाईंसारखंच कपाळ, सासूबाईंसारखीच चाल. मी मावशींना पूर्वी फक्त घरातल्या एका जुन्या फोटोत पाहिलं होतं. त्या जिना चढून आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. सासूबाई खुर्चीतून उठल्या.

दोघींनी एकमेकींकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"हाय की," मावशी म्हणाल्या. बहिणीला नाही, हवेला.

आणि माझ्याकडे वळून, "तीन दिस झालं, तुमचा फोन सारखा एंगेज. मानूस गेलं की असाच आसतोय फोन, समदी विचारायला लावत्यात. दुपारी लावला आसता, तर हिची झोप आसती, तू उचलला आसतास. मग बोलावं लागलं आसतं. म्हनून सकाळच्या पाशिंजरनं आले." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बरी हाय न्हवं समदी? मग जाते मी."

आणि खरंच वळल्या. मी धावत जाऊन त्यांची पिशवी धरली.

"तिला म्हनावं, जेवून जा," मागून सासूबाईंचा आवाज आला.

"तिला सांग, मी भाकरी बांधून आनलीया."

"तिला म्हनावं, मग बसून खा. जिन्यात खाऊ नको."

दोघींमध्ये चार हातांचं अंतर होतं आणि मधे मी. शेवटी मावशी आत आल्या. मी पिठलं टाकलं. दोघी एका ओळीत, मधे एक पाट मोकळा ठेवून जेवल्या. "तिला मिरचीचा ठेचा दे, आवडतो," एक म्हणायची. "तिला सांग, दात न्हाईत आता," दुसरी म्हणायची. मी दोन्हीकडे पोचवत होते, कमी नाही की जास्त नाही. मधे नवऱ्याचा रहिमतपूरच्या एका बूथवरून फोन आला, आवाज पार गेलेला. "अगं, दाराला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, पहाटेच कुठे..."

"मावशी इथे पिठलं खातायत," मी म्हटलं. "तुम्ही परत या."

"पिठलं?" तो म्हणाला.

मी मावशींना ती यादी दाखवली. माझी चूक त्यांना कळावी म्हणून. त्यांना वाचता येत होतं, आकडे त्यांनी बारकाईने पाहिले. दहा-पाच, दहा-चार, दहा-पाच. गुरुवारी दहा-चाळीस. "समदं लिवून ठेवलंय की गं," त्या हळूच म्हणाल्या. मग यादी बहिणीच्या दिशेने सरकवली. सासूबाईंनी ती घेतली, चष्म्याशिवाय बघितली, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. ती त्यांनी मला परत कधी दिली नाही.

संध्याकाळच्या गाडीने मावशी गेल्या. राहा म्हणून मी फार आग्रह केला, पण गाईची धार शेजारीण एकच वेळ काढणार होती. सासूबाई जिन्यापर्यंत आल्या. निरोपाचं बोलणंही माझ्यामार्फतच झालं.

शनिवारी मी डिझाइन पाठवायला बसलेच नाही. मुंबईला फोन करून सांगितलं की यापुढे काम सकाळी नऊच्या आत येईल, मी लवकर उठेन. तो म्हणाला, अकराच्या आधी कधीही. एवढं सोपं होतं ते. दहाला मी मोडेमची वायर काढून फोन मोकळा केला आणि गवारीचं ताट सासूबाईंच्या पुढ्यात ठेवून त्यांच्या शेजारी बसले.

दहा-पाचला फोन वाजला. एक रिंग. दुसरी. सासूबाईंचे खांदे खाली आले, त्यांनी शेंगा गोळा करायला हात पुढे केला.

तिसरी रिंग वाजली.

त्यांचा हात थांबला. चौथी वाजली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उचल की गं."

"माझा फोन नाही तो, आई."

पाचवी. सहावी. त्या उठल्या, पदर सारखा केला, रिसीव्हर कानाला लावला. बोलल्या काहीच नाहीत. पलीकडूनही कोणी बोलत नसावं, कारण त्या नुसत्या ऐकत होत्या, मान थोडी तिरकी करून. मी घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट. दोन मिनिटं. त्यांच्या ओठांवर थोडं हसू आलं. रिसीव्हरवर तळवा ठेवून त्या मला म्हणाल्या, "कुकर झाला तिचा. तीन शिट्ट्या करती अजून. आईगत."

मग त्यांनी तळवा काढला. घसा साफ केला.

"ठेव आता," त्या बहिणीला म्हणाल्या. "उद्या कर."